वजन उतरवण्याचं ऑपरेशन: विचारणारे वेगळे, गरजू वेगळे

वजन कमी करायच्या ऑपरेशनबद्दल मोबाइलवर शोधाशोध करणाऱ्यांची एक रांग आहे आणि ज्यांना त्या ऑपरेशनचा खरोखर उपयोग होईल अशांची दुसरी. या दोन्ही रांगांत उभी असलेली माणसं फार थोडी, असं माझं मत झालं आहे. हे मत इंदुरात औषधांचं दुकान चालवणाऱ्याचं आहे, सर्जनचं नव्हे, हे लक्षात ठेवूनच वाचावं. पण दुकानाचा काउंटर ही अशी जागा आहे की तिथे ऑपरेशनच्या आधीचे येतात, नंतरचे येतात आणि ऑपरेशनचं नावही कधी कानावर न पडलेलेही येतात. सर्जनला यांतले बहुतेक दिसतच नाहीत.

या विषयात इंदूरची गंमत वेगळी आहे. पाहुण्यांना आम्ही पोहे-जलेबी, छप्पन दुकान आणि स्वच्छतेतला पहिला नंबर हौसेने सांगतो. देशाच्या कानाकोपऱ्यातून आणि परदेशातूनही लोक पोट लहान करून घ्यायला या शहरात येतात, हे मात्र सांगत नाही. रात्री अकरा वाजता सराफ्यात गराडू आणि भुट्ट्याचा कीस हाणायला गर्दी करणारं शहर तेच! रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या मराठी घरांत तर हे ऑपरेशन झालंच, तरी त्याचं नाव निघत नाही. "पित्ताशयाचं झालं" किंवा "हर्नियाचं होतं" असं सांगून विषय मिटवतात. चारचौघांत बोलायची सोय नसली की माणूस मोबाइलकडे वळतो, आणि शोधाचे आकडे फुगतात ते इथून.

त्या आकड्यांत नक्की काय मोजलं जातं, हे आधी बघू. गुगलने २००६ पासून शोधाचा कल दाखवणारी सोय सगळ्यांना खुली केली आहे. ज्या काळात एखाद्या शब्दाचा शोध सर्वांत जास्त झाला त्याला १०० धरायचं आणि बाकीचा काळ त्या मानाने दाखवायचा, अशी तिची पद्धत आहे. किती माणसांनी विचारलं, त्यांचं वजन किती, त्यांना शुगर आहे का, यातलं काहीही त्यात नसतं. आलेख वर चढला याचा अर्थ एवढाच की आधीपेक्षा कुतूहल वाढलं. ते कुतूहल दुखण्यामुळे वाढलं, बातमीमुळे वाढलं की पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे म्हणून, हे त्या रेषेला माहीत नसतं.

बातमीचा जोर किती असतो हे आपण पाहिलेलं आहे. २०११ मध्ये नितीन गडकरींनी हे ऑपरेशन करून घेतलं, २०१४ मध्ये अरुण जेटलींनी. २०१७ मध्ये इजिप्तची सुमारे पाचशे किलो वजनाची तरुणी मालवाहू विमानातून मुंबईत आली तेव्हा तर क्रेनपासून बिछान्यापर्यंत सगळं टीव्हीवर दिसलं. तिच्यावर झालेल्या ऑपरेशनची चर्चा घरोघर झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात अबुधाबीत ती वारली, त्याची बातमी त्या मानाने कोपऱ्यात गेली. अशा वेळी जे शोधतात ते बघे असतात. बघ्यांनी बघू नये असं कोण म्हणेल? पण त्यांच्या गर्दीला "समाजात जागरूकता वाढली" असं नाव देऊन ती भाषणात वापरणं ही लबाडी आहे.

शिवाय गल्लत केवढी! चरबी ओढून काढण्याचं लायपोसक्शन आणि जठर-आतड्यावरचं बॅरिअॅट्रिक ऑपरेशन ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. पहिलं आकारासाठी, प्लास्टिक सर्जन करतो; त्याने शुगर सुधारत नाही आणि वजनही फारसं उतरत नाही. दुसऱ्यात पचनसंस्थेची रचनाच बदलते. मे २०२२ मध्ये बंगळूरुत एका तरुण कन्नड अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या ऑपरेशननंतर मृत्यू झाला, तेव्हा माझ्या ओळखीतल्या घरांत "बघा, वजनाच्या ऑपरेशनने पोरगी गेली" हेच ऐकू आलं. ज्या बाईंना दुसऱ्या प्रकारच्या ऑपरेशनचा फायदा झाला असता त्या पहिल्या प्रकारच्या बातमीने घाबरून घरी बसल्या.

आता गरज कोणाला, ते पाहू. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १९९१ साली अमेरिकेत तज्ज्ञांनी रेघ आखली: बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत शुगर-बीपीसारखा वजनाने बळावणारा आजार. आपल्या लोकांना कमी वजनावरच पोटाचा घेर आणि मधुमेह गाठतो, म्हणून भारतीय तज्ज्ञांनी ती रेघ अडीचने खाली आणली, ३७.५ आणि ३२.५. २०२२ मध्ये सर्जनांच्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती आणखी सैल केली आणि आशियाई लोकांना २७.५ च्या पुढे हा पर्याय द्यावा असं म्हटलं. या शेवटच्या रेघेबद्दल माझ्या मनात किंतु आहे. रेघ आखणारे आणि ऑपरेशन करणारे एकाच घरातले, हे विसरता येत नाही. तरी त्यामागचा अभ्यास पोकळ नाही, हेही कबूल करायला हवं.

दोन बायका डोळ्यांसमोर आणा. दोघी माझ्या काउंटरवर येतात तशाच आहेत; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एक पंचविशीतली, उंची १६० सेंटिमीटर, वजन ६६ किलो. स्थळं बघणं चालू आहे. तिने स्लीव्ह आणि बायपास हे या ऑपरेशनचे दोन प्रकार, टाके किती, सुट्टी किती, सगळं वाचलेलं आहे. तिचा बीएमआय २६ च्याही आत येतो. कुठल्याही रेघेने तिला ऑपरेशन लागत नाही. तिला लागते ती "जरा बारीक हो" असं न म्हणणारी मावशी. दुसरी बाई पन्नाशीची, उंची १५७, वजन ८४. दहा वर्षांची शुगर, दोन वेळा इन्सुलिन, रात्री घोरून घोरून दचकून उठते, गुडघे गेलेले. बीएमआय ३४. भारतीय रेघेने ती बसते. तिने मोबाइलवर काही शोधलेलं नाही. तिच्या डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी इन्सुलिनची मात्रा वाढवण्यापलीकडे तिला काही सांगितलेलं नाही. ती दर वेळी "काका, सुया जरा बारीक द्या" म्हणते आणि जाते.

आणि समजा, कोणी तिला सांगितलं. मग विम्याचं बघू. विमा नियामकाने २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी जे कलम ठरवून दिलं त्यात वजनाच्या ऑपरेशनचा खर्च एरवी मिळत नाही. मिळतो तो बीएमआय ४० असेल तर, किंवा ३५ असून सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात न येणारी शुगर असेल तर, तेही आधीचे साधे उपाय थकल्यावर. म्हणजे सर्जनची रेघ भारतीय आणि विम्याची रेघ १९९१ ची अमेरिकन. आपल्या बाईंना त्या हिशेबाने पात्र व्हायला अजून दोन-तीन किलो वजन वाढवावं लागेल. हा विनोद मी केलेला नाही, कलमातच आहे. खिशातून करायचं तर तीन-चार लाखांच्या आसपास खर्च येतो, आणि पन्नाशीच्या बाईच्या तब्येतीवर तेवढा खर्च करायला आपल्याकडचं घर किती चटकन तयार होतं हे मी लिहायला नको.

भारतात करोनाच्या आधी ही ऑपरेशनं वर्षाला वीसएक हजारांच्या घरात होती. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली छापून आलेल्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचा अंदाज १० कोटी १० लाख आहे. त्यांतल्या बहुतेकांना ऑपरेशनची गरज नाही, हे मान्य. पण अगदी थोडा वाटा धरला तरी वीस हजार कुठे आणि तो आकडा कुठे! तेव्हा "आजकाल जो तो पोट कापून घेतोय" ही तक्रार निदान आकड्यांवर टिकत नाही. अमेरिकेत तर या ऑपरेशनचा डांगोरा आपल्यापेक्षा किती तरी जास्त. तिथेही पात्र लोकांपैकी दरवर्षी शंभरात एकाच्या आसपासच टेबलावर जातो, असं तिथले सर्जनच सांगतात.

मग मधला दुवा कुठे तुटला? माझं उत्तर: आपल्या रोजच्या डॉक्टरकडे. गल्लीतला फॅमिली डॉक्टर किंवा शुगरचा डॉक्टर हा पेशंटला वर्षानुवर्षं ओळखतो, त्याची सासू ओळखतो, त्याच्या घरचं तेल ओळखतो. आणि तोच या विषयावर गप्प आहे. काही गप्प आहेत कारण त्यांना हे ऑपरेशन म्हणजे श्रीमंतांचं चोचलं वाटतं. काहींना पेशंट हातचा जाईल अशी धास्ती. पण बहुतेकांच्या मनात आपल्या सगळ्यांसारखंच एक ठाण मांडून बसलेलं आहे: लठ्ठपणा हा तोंड न आवरल्याचा परिणाम, त्यावर ऑपरेशन म्हणजे पळवाट. हृदयाची नळी बंद झालेल्या माणसाला कोणी "आधी तूप कमी खाऊन दाखव, मग अँजिओप्लास्टी" असं सांगत नाही. इथे मात्र पेशंटने आधी स्वतःला लायक सिद्ध करावं लागतं.

तोंड आवरण्याचा हा सिद्धांत शरीरशास्त्राला धरून नाही. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्त कापून केळ्यासारखी नळी ठेवतात. त्यात जागा कमी होते हे खरं. पण जठराच्या ज्या वरच्या भागातून भूक चेतवणारं घ्रेलिन जास्त स्रवतं तो भागच गेलेला असतो. बायपासमध्ये जठराचा लहानसा तुकडा थेट पुढच्या आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न तिथे लवकर पोचतं आणि जीएलपी-१ नावाचं संप्रेरक वाढतं. म्हणूनच वजन उतरायच्या आधी, काही दिवसांतच, शुगर खाली येऊ लागते. भूक ही नुसती मनाच्या निर्धाराची गोष्ट असती तर हे घडलंच नसतं.

याच्या बाजूचे पुरावेही सरळपणे मांडायला हवेत. जाहिरातीसारखे नकोत. स्वीडनमध्ये १९८७ पासून एक मोठा अभ्यास चालला. त्याचा २०२० मध्ये छापलेला हिशेब असा: ऑपरेशन झालेले लठ्ठ लोक, ऑपरेशन न झालेल्या लठ्ठ लोकांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगले. आणि सर्वसाधारण लोकांपेक्षा साडेपाच वर्षं कमी. हा दुसरा भाग कुठल्याही फलकावर मला दिसलेला नाही. अमेरिकेत क्लीव्हलँडला दीडशे मधुमेहींवर झालेल्या प्रयोगात पाच वर्षांनी एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी तपासणी) ६ किंवा त्याखाली असलेले किती? नुसत्या औषधांवर शंभरात ५, स्लीव्हनंतर २३, बायपासनंतर २९. हा फरक मोठा आहे, कोणत्याही डॉक्टरने दखल घ्यावी इतका मोठा. पण ज्याला "शुगर मुळासकट गायब" म्हणून ऑपरेशन विकलं गेलं, तो उरलेल्या एकाहत्तरांत निघाला की स्वतःला फसवलेला समजतो.

लोकांच्या कुतूहलापेक्षा डॉक्टरांचा अनुभव शेवटी कसा भारी ठरतो, याचं उदाहरण म्हणजे गॅस्ट्रिक बँड. जठराच्या वरच्या बाजूला सिलिकॉनचा पट्टा बसवायचा, कापाकापी नाही, नको झाला तर काढता येतो. अमेरिकेत २००१ मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि लोकांना तो आवडलाच. कॅलिफोर्नियाच्या हमरस्त्यांवर त्याचे एवढे मोठे फलक लागले की डिसेंबर २०११ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला, जाहिरातीत धोके नीट सांगत नाही म्हणून ताकीद द्यावी लागली. त्या साली तिथल्या शंभर ऑपरेशनांत ३५ बँडची होती. पाच वर्षांनी तीन-साडेतीन. कारण दरम्यान पेशंट परत येऊ लागले होते: पट्टा सरकला, जठरात रुतला, वजन उतरलंच नाही, पुन्हा ऑपरेशन. फलकांवर पट्टा तसाच हसत होता; तो बंद पडला तो पाच-सात वर्षं पेशंटच्या मागे राहून लिहिलेल्या नोंदींमुळे.

अशा नोंदी आपल्याकडे पेशंटला पाहायला मिळत नाहीत, आणि ऑपरेशननंतरचं आयुष्य ही या विषयातली सर्वांत कमी बोलली जाणारी बाजू आहे. मोबाइलवरची गोष्ट "आधी" आणि "नंतर" अशा दोन फोटोंची असते. माझ्या दुकानातली गोष्ट "नंतर"च्या फोटोनंतर सुरू होते.

ऑपरेशन झालेला पेशंट पहिल्या महिन्यात लांबलचक चिठ्ठी घेऊन येतो. प्रोटीनची पावडर, मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, डी, कॅल्शियम, पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून काही महिन्यांची गोळी. पहिली खेप मुलगा उत्साहाने नेतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बिलावर घासाघीस सुरू होते: "हे कॅल्शियम महाग आहे, साधं द्या ना." आता चिठ्ठीत कॅल्शियम सायट्रेट लिहिलेलं असतं ते उगाच नाही. साधं स्वस्त कॅल्शियम कार्बोनेट पचायला जठरातलं आम्ल लागतं आणि या माणसाचं जठर मुळात उरलंय किती! लोह आणि कॅल्शियम एकदम घ्यायचं नाही, मध्ये दोन तास तरी सोडायचे, हेही बहुतेकांना ठाऊक नसतं. सोयीचं म्हणून सकाळच्या चहाबरोबर सगळ्या गोळ्या एका घोटात. नंतर दमलेला चेहरा, गळणारे केस, आणि "ऑपरेशनने अशक्तपणा आला" ही तक्रार. वर्षभराने बरेचसे येईनासेच होतात. ते दुसरीकडून घेतात की घ्यायचंच सोडतात, मला कळायला मार्ग नाही. पण रुग्णालयालाही ते माहीत असल्याचं जाणवत नाही, आणि त्याला ते माहीत असायला हवं.

दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. बायपास झालेल्या बाई गुडघ्यासाठी काँबिफ्लाम मागतात. मोहल्ल्यातल्या कुठल्याही दुकानात हसत मिळणारी गोळी. पण तिच्यात आयब्युप्रोफेन आहे आणि बायपासच्या जोडावर अशा गोळ्यांनी अल्सर होऊ शकतो. बाई "माझं बायपास झालंय" म्हणाल्या तर मी देणार नाही. पण त्या म्हणत नाहीत, कारण शेजारी जोशी काकू उभ्या असतात. आपण जे नाव लपवतो त्याची किंमत ही अशी मोजली जाते. तसंच जुन्या चिठ्ठीवरची शुगरची गोळी. ऑपरेशननंतर शुगर झपाट्याने उतरते, मात्रा कमी करायची असते, आणि मुलगा मात्र जुनाच कागद पुढे करून ग्लिमेपिराइड घेऊन जातो. घाम, थरथर, चक्कर. आणि उलटीची गोळी मागायला आलेला नवरा: "बायकोचं ऑपरेशन होऊन महिना झाला, काही पोटात ठरत नाही हो." त्याला गोळी देऊन पाठवणं हा गुन्हा ठरेल. आठवडेच्या आठवडे उलट्या चालू राहिल्या की शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपतं, तोल जातो, डोळ्यांना दोन-दोन दिसू लागतं आणि वेळ गेली तर त्यातलं काही कायमचं राहतं. अशा माणसाला आल्या पावली रुग्णालयात परत पाठवायचं असतं.

आपल्या मराठी घरांची यात एक स्वतंत्र अडचण आहे. दिवसाला साठ ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं आणि घर शाकाहारी. वर चतुर्थी, एकादशी, सोमवार. एका वेळी अर्धी वाटी खाता येणाऱ्या माणसाने त्या अर्ध्या वाटीत साबुदाण्याची खिचडी भरली तर प्रोटीनला जागाच उरत नाही. दिल्या जाणाऱ्या आहारतक्त्यात अंडी, चिकन सूप आणि ग्रीक योगर्ट छापलेलं असतं. पनीर, मूग, सोयाबीन, ताकाऐवजी चक्का असा आपल्या स्वयंपाकघराचा तक्ता कोणी बसून लिहून दिलेला मी क्वचितच पाहिला. आणि मूल राहत नाही म्हणून वजन उतरवलेल्या तरुण मुलींना, वजन उतरल्यावर दिवस राहण्याची शक्यता वाढते, पण पहिलं वर्ष-दीड वर्ष ते टाळायचं असतं, हे तर सासूसमोर सांगायलाच कोणी धजत नाही.

एवढं सगळं वाचून ऑपरेशन वाईट असं कोणी ठरवू नये. चांगल्या हातात त्यातला जिवाचा धोका पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या जवळपासचा मानला जातो. माझं भांडण आहे ते गोष्ट अर्धी सांगण्याशी.

ती अर्धी गोष्ट सांगायला कायद्याची मुभा आहे का? २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरला जाहिरात करून पेशंट गोळा करता येत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम काढले. त्यांत समाजमाध्यमांवर बऱ्या झालेल्या पेशंटचे फोटो आणि ऑपरेशनचे व्हिडिओ टाकू नयेत, असं स्पष्ट होतं. तीन आठवडे होतात न होतात तोच ते नियम स्थगित झाले. त्यांत इतर अनेक वादाचे मुद्दे होते, त्यावरून ओरड झाली आणि हाही मुद्दा त्यांच्याबरोबर वाहून गेला. परिणाम असा की पंचविशीतल्या मुलीच्या मोबाइलवर ज्याचे फोटो जास्त तो सर्जन मोठा.

इतक्यात या रांगेत तिसरी मंडळी आली आहेत, इंजेक्शनवाली. मार्च २०२५ मध्ये मोंजारो (औषध टिर्झेपटाइड) भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही (औषध सेमाग्लुटाइड). "भिया, वो मोंजारो मिलेगा क्या, बिना पर्ची के?" हा प्रश्न सुरू व्हायला वेळ लागला नाही. आतड्यातल्या त्याच जीएलपी-१ संप्रेरकाची नक्कल करणारी ही औषधं. सेमाग्लुटाइडने सव्वा वर्षात सरासरी पंधरा टक्के, टिर्झेपटाइडच्या वरच्या मात्रेने वीस-एकवीस टक्के वजन उतरल्याचे अभ्यास आहेत. ऑपरेशनने साधारण पंचवीस ते तीस. मात्र सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं, हेही त्याच संशोधकांनी छापलं. मोंजारो आलं तेव्हा महिन्याला चौदा ते साडेसतरा हजारांचा खर्च होता. सेमाग्लुटाइडच्या इथल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच; पेटंट संपलं की भाव उतरतात आणि लोकांचं शोधणंही तिकडेच वळतं. ऑपरेशनबद्दलचं कुतूहल ओसरलं असं उद्या कोणी आलेख दाखवून सांगेल. इन्सुलिन घेणाऱ्या त्या पन्नाशीच्या बाईंची गरज मात्र त्या आलेखाबरोबर ओसरणार नाही. काहींना औषध पुरेल, काहींना ऑपरेशन लागेल, काहींना दोन्ही. ते ठरवायला समोर बसलेला डॉक्टर लागतो.

कोणी म्हणेल, लोक स्वतः माहिती काढतात हे चांगलंच आहे. आहेच. चिठ्ठीवरचं नाव वाचून प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक मला आवडतो. पण मोबाइल ज्याने विचारलं त्यालाच उत्तर देतो, आणि ज्याने विचारलं नाही त्याच्या दारात जात नाही. तो पंचविशीच्या मुलीला आणखी दहा व्हिडिओ दाखवतो आणि पन्नाशीच्या बाईंना एकही नाही. उपचार कोणापर्यंत पोचावा हे कुतूहलावर सोडलं तर तो ज्यांना लाज वाटते आणि ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांच्यापर्यंत पोचतो. आजार असलेले बाजूलाच राहतात.

म्हणून मला मोहिमा, पदयात्रा, लठ्ठपणा जागृती दिन यांत रस नाही. विमा नियामकाने ती परदेशी रेघ बदलून भारतीय रेघ घ्यावी. ज्यांच्या खिशाला खासगी रुग्णालय झेपत नाही त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयात हे ऑपरेशन आणि त्यानंतरची ओपीडी, दोन्ही नेमाने चालावीत. नुसत्या उद्घाटनाच्या बातमीपुरती नकोत. आणि ही ऑपरेशनं करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने दर वर्षी एक कागद दारावर लावावा: पाच वर्षांपूर्वी आम्ही इतकी ऑपरेशनं केली, त्यांतले आज इतके आमच्या संपर्कात आहेत, इतक्यांचं वजन परत आलं, इतक्यांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. जे रुग्णालय "पाच हजार यशस्वी शस्त्रक्रिया" असा फलक रंगवू शकतं त्याला हा हिशेब जड जाऊ नये.

राहता राहिले आपले रोजचे डॉक्टर. ते म्हणतात, वेळ कुठे आहे, बाहेर चाळीस पेशंट बसलेत. खरं आहे. पण शुगरच्या पेशंटचं वजन ते करतातच. केसपेपरवर उंची एकदाच लिहावी लागते आणि भागाकार मोबाइल करून देतो. बीएमआय ३२.५ च्या वर आणि तीन औषधांनी एचबीए१सी हलत नाही असं दिसलं की "ताई, एकदा सर्जनचंही मत घ्या, करायचंच असं नाही" एवढं एक वाक्य बोलायचं. नको म्हणायचा हक्क त्या बाईंचा आहेच. पण नको म्हणायला तरी कोणी आधी विचारायला हवं, आणि ते विचारायचं काम मोबाइलवर टाकून चालणार नाही.